गणिताचा प्राध्यापक नेमतात कसा? भूखंड विकण्याआधी हे वाचा

या पानावर एरवी भाताची रोपवाटिका, खतांची मात्रा, खार जमिनीची बांधबंदिस्ती असे विषय येतात. आजचा विषय त्यातला नाही, पण शेतकऱ्याच्याच घरातला आहे.

ठाणे तालुक्यातील करावे गावात आज सातबारा घेऊन कसणाऱ्याचे नाव शोधायला गेले तर हाती फारसे काही लागत नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तीन तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी संपादनाखाली आल्या. करावे त्यातलेच. भातखाचरे गेली, खाडीची मासेमारी थोडीफार उरली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले त्यात पाच जणांनी प्राण दिले, आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा मार्ग निघाला. ज्या आजोबांनी तो मोर्चा पाहिला, त्यांची नातवंडे आता एम.एस्सी. होत आहेत.

माझे काम भात आणि भाजीपाल्याचे. करावे गावाला कृषी खात्याच्या माणसाची आता गरज उरलेली नाही. पण बेलापूर पट्टीत नातीगोती असल्याने जाणे-येणे आहे, आणि ‘साहेब सरकारी माणूस’ म्हणून लोक वाटेल ते विचारतात. अलीकडे एका बापाने विचारले, "साहेब, पोऱ्या गणितात एमेसी झाला, सेट पण पास झाला. कालेजात तासावर शिकवतो. आता एक मानूस बोलतो, पैसं भरा, परमनंट करून देतो. भूखंड काढू का?"

उत्तर आधीच देऊन टाकतो. भूखंड काढू नये. का काढू नये हे समजायचे तर विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक नेमला जातो कसा, हे मुळापासून पाहावे लागेल. ज्याला ही पद्धत ठाऊक आहे त्याला कोणी फसवू शकत नाही.

पद कोणते, पगार किती

आपण सरसकट ‘प्राध्यापक’ म्हणतो, पण विद्यापीठात तीन पायऱ्या असतात. सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक. नवा माणूस पहिल्या पायरीवर लागतो. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन महिना ५७,७०० रुपये आहे, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे वेगळे. सहयोगी प्राध्यापकाचे मूळ वेतन १,३१,४०० पासून आणि प्राध्यापकाचे १,४४,२०० पासून सुरू होते. वरच्या पायरीवर जाण्यासाठी वर्षे भरावी लागतात आणि संशोधन दाखवावे लागते. पीएच.डी. असलेल्या माणसाला पहिली वेतनश्रेणी ओलांडायला चार वर्षे लागतात, नसलेल्याला सहा. सहयोगी प्राध्यापक व्हायचे तर पीएच.डी. लागतेच.

अमेरिकेतील विद्यापीठांत निराळी रीत आहे. तिथे नव्या माणसाला साधारण सहा वर्षांची मुदत देतात. त्या काळात त्याने संशोधन करून दाखवायचे, मग समिती बसते आणि एक तर कायम करते, नाही तर निरोप देते. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत परिविक्षा कालावधी एक वर्षाचा आहे, फार तर आणखी एक वर्ष वाढतो. काम समाधानकारक असेल तर माणूस कायम होतो आणि निवृत्तीपर्यंत राहतो. म्हणजे तिकडे खरी चाळणी नेमणुकीनंतर लागते, इकडे नेमणुकीच्या आधी. आपला मुलगा जी दहा वर्षे आत शिरण्यासाठी घालवतो ती कुठल्याच सेवापुस्तकात धरली जात नाहीत.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर तासिका तत्त्वावरचा शिक्षक म्हणजे नुसत्या तोंडी बोलीवर जमीन कसणारा माणूस. १९४८ चा कूळ कायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, आणि कसणाऱ्याला काही हक्क मिळाला. तासिकेवर शिकवणाऱ्याला असा कृषक दिन नाही. सलग आठ वर्षे शिकवले म्हणून तो आपोआप कायम होत नाही. हे पालकांनी पक्के ध्यानात घ्यावे. "इतकी वर्षं केलंय तर घेतीलच" या आशेवर अनेक घरांनी मुलांची लग्ने आणि धंदे पुढे ढकलले आहेत. तासिकेला मोबदला तासाप्रमाणे मिळतो. दिवाळीची सुट्टी, मे महिना, परीक्षेचा काळ यांत तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत.

पीएच.डी. ऐच्छिक आहे म्हणजे काय

इथे बहुतेक मुले फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

किमान पात्रता अशी. एम.एस्सी. ला किमान ५५ टक्के गुण (मागासवर्गीय व दिव्यांग उमेदवारांना पाच टक्के सवलत), आणि त्यासोबत नेट किंवा सेट. गणिताची नेट परीक्षा सी.एस.आय.आर. तर्फे होते. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेते. नेट देशभर चालते, आपली सेट या दोन राज्यांपुरती. मधल्या काळात विद्यापीठाच्या विभागात लागायचे तर पीएच.डी. सक्तीची होणार असे ठरले होते. ती तारीख १ जुलै २०२१ वरून १ जुलै २०२३ वर गेली आणि अखेर २०२३ साली आयोगाने सहायक प्राध्यापकासाठी नेट-सेट हीच किमान पात्रता ठेवून पीएच.डी. ऐच्छिक केली.

वर्तमानपत्रांत मथळे आले, ‘पीएच.डी. ची अट रद्द’. मुलांनी सुटकेचा श्वास टाकला. पण अर्ज करता येणे वेगळे आणि मुलाखतीला बोलावणे येणे वेगळे. २०१८ च्या नियमांत विद्यापीठातील सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीसाठी उमेदवार निवडण्याचा शंभर गुणांचा तक्ता आहे. राज्याने मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने हे नियम स्वीकारले. त्या तक्त्यात पदवीला जास्तीत जास्त १५ गुण, पदव्युत्तर पदवीला २५, पीएच.डी. ला ३०, फेलोशिपसह नेटला ७, साध्या नेटला ५, सेटला ३. प्रत्येक शोधनिबंधाला २, पण एकूण १० च्या वर नाही. शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला २, तेही १० च्या वर नाही. थोडे गुण एम.फिल. आणि पुरस्कारांचे.

आता दोन मुले घेऊ. पहिला बी.एस्सी. ला ७२ टक्के, एम.एस्सी. ला ६६ टक्के, सेट पास. पदवीचे १३, पदव्युत्तरचे २३, सेटचे ३. झाले ३९. दुसरा अभ्यासात थोडा मागे, बी.एस्सी. ला ६१ आणि एम.एस्सी. ला ६२ टक्के. पण त्याने नेट काढली, पीएच.डी. केली आणि चार शोधनिबंध छापले. पदवीचे १३, पदव्युत्तरचे २३, नेटचे ५, पीएच.डी. चे ३०, निबंधांचे ८. झाले ७९. पाहा, ७२ टक्के आणि ६१ टक्के यांना तक्त्यात सारखेच १३ गुण आहेत, कारण ६० ते ८० चा एकच गट आहे. ज्या टक्क्यांसाठी आपण घरात पोरांना बोलतो त्यांचा फरक इथे शून्य. आणि पहिल्याने पाच वर्षे शिकवून अनुभवाचे पूर्ण दहा गुण मिळवले तरी तो ४९ वर थांबतो. तासिकेचा अनुभव किती धरायचा यावर अटी असतात त्या वेगळ्याच.

२०१८ च्या पद्धतीत हा तक्ता फक्त मुलाखतीच्या दारापर्यंत नेत होता, पुढे सगळे मुलाखतीवर. त्यामुळे ‘मुलाखत मॅनेज होते’ अशी कुजबुज कायम असे. २०२५ साली राज्य शासनाने विद्यापीठांसाठी नवी कार्यपद्धती आणली. तीत शिक्षण, अध्यापन, संशोधन यांच्या गुणांना मोठे वजन दिले आणि मुलाखतीचा वाटा मर्यादित केला. म्हणजे जी शिदोरी पूर्वी दारापर्यंत पुरायची ती आता शेवटपर्यंत चालणार. ज्या जाहिरातीला अर्ज करायचा तिच्यात जो तक्ता छापला असेल तोच प्रमाण मानावा. मित्राच्या मोबाइलवर आलेला जुना तक्ता धरू नये.

तेव्हा करावेच्या त्या मुलाला मी सांगितले ते असे, की एम.एस्सी. नंतर पाच वर्षे तासिकेवर काढण्यापेक्षा तीच पाच वर्षे पीएच.डी. वर घाल. नेटमध्ये वरचा क्रमांक येऊन फेलोशिप मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, दोन वर्षांनी ४२,०००. अणुऊर्जा विभागाच्या राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची वेगळी शिष्यवृत्ती आहे. इतर मागासवर्गातील संशोधक विद्यार्थ्यांसाठी राज्याची महाज्योती संस्था अधिछात्रवृत्ती देते. आणि ज्याची मुले अजून बी.एस्सी. ला आहेत त्यांनी एम.टी.टी.एस. या उन्हाळी शिबिराची चौकशी करावी. मुंबई विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक एस. कुमरेसन यांनी १९९३ साली ते सुरू केले. गणित पाठ करायचे नसते, स्वतः सिद्ध करायचे असते, ही सवय तिथे लागते, आणि पुढे मुलाखतीत हीच सवय उपयोगी येते.

गणिताचा आणि बांधाचा संबंध

काही वाचक म्हणतील, एवढा गणिताचा प्राध्यापक शेतकऱ्याच्या काय कामाचा? त्यांच्यासाठी थोडे विषयांतर.

गावचे तलाठी, ग्रामसेवक आणि आमचे कृषी सहायक दर हंगामात पीक कापणी प्रयोग करतात. कुठल्या शेतात प्रयोग घ्यायचा हे कोणी मनाने ठरवत नाही. यदृच्छ अंकांवरून गट नंबर काढतात. चांगले शेत निवडले तर उत्पादन फुगते, वाईट निवडले तर पडते, आणि विमा भरपाईचा हिशोब चुकतो. ही नमुना निवडीची पद्धत आपल्या देशात रुजवण्यात पां. वा. सुखात्मे यांचा मोठा वाटा. ते सातारा जिल्ह्यातील बुध गावचे, जन्म १९११. व्ही. जी. पानसे यांच्यासोबत त्यांनी १९५४ मध्ये लिहिलेले शेती संशोधकांसाठीचे सांख्यिकीचे पुस्तक कृषी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले.

दुसरे नाव शरदचंद्र श्रीखंडे यांचे. भाताच्या चार वाणांची तुलना करायची आहे आणि शेताला एका बाजूने उतार, दुसऱ्या बाजूने पाटाचे पाणी आहे असे समजा. मग शेताचे चार ओळी आणि चार रकाने असे सोळा वाफे पाडतात आणि प्रत्येक वाण प्रत्येक ओळीत एकदा आणि प्रत्येक रकान्यात एकदाच येईल असे लावतात. उताराचा आणि पाण्याचा फायदा कुठल्याच वाणाला जास्त मिळत नाही. याला लॅटिन चौरस म्हणतात, आम्ही पदविकेला शिकलो ते हेच. आता त्याच सोळा वाफ्यांत चार खतेही अशाच शिस्तीने टाकायची, आणि प्रत्येक वाणाची प्रत्येक खताशी गाठ बरोबर एकदाच पडली पाहिजे. चारला हे जमते. सहाला जमत नाही. अठराव्या शतकात ऑयलर या थोर गणितज्ञाने अंदाज बांधला की दोन, सहा, दहा, चौदा अशा कुठल्याच आकड्याला हे जमणार नाही. पावणेदोनशे वर्षे तो टिकला. १९५९ साली बोस, पार्कर आणि श्रीखंडे या तिघांनी दाखवले की दोन आणि सहा सोडून बाकी सगळ्यांना जमते. अमेरिकेच्या वर्तमानपत्रात ही बातमी पहिल्या पानावर आली. त्यानंतर श्रीखंडे मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले, तिथे गणित विभाग आणि उच्च गणिताचे केंद्र त्यांनी उभारले आणि १९७८ ला निवृत्त झाले. ज्याच्या घरी सिद्ध केलेले काम आहे असा माणूस हेरून आणायचा आणि त्याच्या हाती विभाग द्यायचा, ही त्या वेळची रीत. वर सांगितलेल्या तक्त्यात १९५९ च्या त्या निबंधाला दोन गुण मिळाले असते, हे जाता जाता नोंदवतो.

तक्ता वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. तक्ता नसता तर करावेच्या मुलाला कोणी विचारलेही नसते, ओळखीच्याचाच मुलगा आत गेला असता. पण तक्त्याबाहेरही गणित असते. डहाणूला १९०५ साली जन्मलेले द. रा. कापरेकर आयुष्यभर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर पदवी नव्हती. आज ते सहायक प्राध्यापकाचा अर्जसुद्धा भरू शकले नसते. ६१७४ हा आकडा मात्र जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. सगळे अंक सारखे नसतील असा कुठलाही चार अंकी आकडा घ्या. समजा १९८४. अंक उतरत्या क्रमाने लावले की ९८४१, चढत्या क्रमाने १४८९. वजाबाकी ८३५२. पुन्हा तेच करा, ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. कुठूनही सुरू करा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच याल. घरी मुलांकडून करून घ्यावे.

जागा रिकामी असते, तरी भरत नाही

आता मूळ मुद्द्याकडे. गणिताचे पद रिकामे झाले म्हणजे दुसऱ्या महिन्यात जाहिरात, असे होत नाही. आधी पद मंजूर आहे का ते पाहतात. मग बिंदुनामावली तपासून घेतात, म्हणजे शंभर बिंदूंच्या यादीत हे पद कोणत्या प्रवर्गाला जाते ते ठरते. आरक्षणाचे एकक विभाग धरायचे की संपूर्ण विद्यापीठ, यावर मोठा वाद झाला. विभाग एकक धरला तर गणितासारख्या लहान विभागात आरक्षित बिंदूची पाळी यायला जन्म जातो. केंद्रीय संस्थांसाठी संसदेने २०१९ मध्ये कायदा करून संपूर्ण संस्था हेच एकक ठरवले. त्यानंतर वित्त विभागाची परवानगी. इथे फाईल सर्वांत जास्त काळ झोपते.

मुंबई विद्यापीठाने २०२४ साली वेगवेगळ्या विभागांतील मिळून १५२ पदांची जाहिरात काढली होती. मुलांनी अर्ज भरले, शुल्क भरले. त्याच वर्षी राजभवनाकडून विद्यापीठांतील अध्यापक भरतीला थांबा मिळाला, आणि वर सांगितलेली नवी कार्यपद्धती यायला २०२५ उजाडले. या मधल्या काळात वर्ग बंद नव्हते. ते तासिकेवरच्या मुलांनी चालवले. पिकाला पाणी लागते तेव्हा द्यायचे नाही आणि हंगाम गेल्यावर पाट सोडायचा, अशातला हा प्रकार आहे, आणि याचा दोष कुठल्याही एका कुलगुरूवर टाकता येत नाही. अनेक वर्षे पदे साचू दिली की जाहिरात आली तरी एका जागेवर दहा वर्षांचे उमेदवार तुटून पडतात.

जाहिरात आल्यावर मात्र मुदत थोडीच मिळते. त्या आठवड्यांत कागद गोळा करायला निघालेला मुलगा हमखास मागे पडतो.

निवड समितीत कोण असतात तेही पालकांना माहीत हवे. आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे अध्यक्ष कुलगुरू किंवा त्यांनी नेमलेला ज्येष्ठ प्राध्यापक, कुलपतींचा प्रतिनिधी, विषयाचे तीन तज्ज्ञ, अधिष्ठाता, विभागप्रमुख. उमेदवारांत मागासवर्गीय, महिला, अल्पसंख्याक किंवा दिव्यांग असतील तर त्या वर्गाचा एक प्रतिनिधी. किमान चार सदस्य हजर हवेत आणि त्यांत बाहेरचे दोन विषयतज्ज्ञ असलेच पाहिजेत. म्हणजे कुठल्याही एका माणसाच्या हाती ही नेमणूक नाही.

पैसे मागणाऱ्याविषयी

म्हणूनच ‘परमनंट करून देतो’ म्हणणाऱ्याला सरळ विचारावे की बाबा, तू या समितीतल्या कोणाकोणाला ओळखतोस? बिंदुनामावली बदलून देणार का? पीएच.डी. चे तीस गुण कुठून आणणार? बहुतेक वेळा उत्तर येते, "वरून होईल." वरून पाऊस पडतो, नेमणूक नाही.

खासगी संस्थांच्या अनुदानित महाविद्यालयांत ‘देणगी’ची भाषा चालते असे लोक उघड बोलतात. त्यावर मी इतकेच सांगेन की २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच घेणाऱ्यासोबत देणाराही गुन्हेगार आहे. पैसे बुडाले तर तक्रार करायला गेलेला बाप स्वतःच आरोपी होऊ शकतो. जबरदस्तीने द्यावे लागले असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांना कळवण्याची सोय कायद्यात आहे, ती अगदी तेवढीच. एका गावात (गावाचे नाव घेत नाही) साडेबारा टक्क्यांतला भूखंड अशाच वाटेने गेला. मुलगा आजही तासिकेवर आहे. ज्या जमिनीसाठी माणसे मेली तिच्या बदल्यात मिळालेला तुकडा असा जाणे मला तरी पाहवत नाही.

तलाठी आणि गावच्या मंडळींसाठी

आता कागद. शासकीय मंडळींनी हा भाग नीट वाचावा, कारण मुलाचे गणित कितीही पक्के असले तरी इथे अडले की अडले.

पहिली गोष्ट, प्रकल्पग्रस्त दाखला. सिडकोग्रस्त घरांत तो जपून ठेवलेला असतो आणि कुठल्याही नोकरीला चालतो असा समज आहे. प्रकल्पग्रस्तांचे पाच टक्के समांतर आरक्षण गट क आणि गट ड च्या पदांना आहे. सहायक प्राध्यापकाच्या पदाला ते लागू नाही. त्या दाखल्याच्या भरवशावर बसू नये.

दुसरी, जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र. आगरी समाज राज्याच्या इतर मागासवर्गात येतो, त्याला १९ टक्के आरक्षण आहे. महिलांना प्रत्येक प्रवर्गात ३० टक्के समांतर आरक्षण आहे. गणितात मुली आता मुलांच्या पुढे दिसतात, त्यांच्या बापांनी हे लक्षात ठेवावे. इतर मागासवर्गाच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. करावेत नेमकी अडचण ही की आजचा सातबारा सिडकोच्या नावावर आहे. त्यामुळे संपादनाआधीचे जुने फेरफार, जुना सातबारा, संपादनाच्या निवाड्याची प्रत, आजोबांचा प्राथमिक शाळेतील दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, जन्म-मृत्यूची नोंद यांतून पुरावा उभा करावा लागतो. आजोबांच्या नावात किंवा जातीच्या नोंदीत एखाद्या अक्षराचा फरक असेल तर तो आत्ताच प्रतिज्ञापत्राने आणि जोड पुराव्याने जुळवून घ्यावा. जाहिरात आल्यावर त्याला वेळ पुरत नाही. जुने दप्तर जीर्ण झाले आहे ही सबब तलाठी कार्यालयाने देऊ नये. उतारा मिळत नसेल तर तसे लेखी द्यावे, म्हणजे माणूस तहसीलला किंवा अभिलेख कक्षात दाद मागू शकतो.

तिसरी गोष्ट, नॉन-क्रिमिलेअर. उत्पन्नाची मर्यादा २०१७ पासून वर्षाला आठ लाख आहे आणि ती सलग तीन वर्षांच्या उत्पन्नावर पाहतात. या चाचणीत आईबापांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न मोजत नाहीत. पण भाड्याचे मोजतात. गावठाणात चार मजले चढवून खोल्या भाड्याने दिलेली घरे करावेत पुष्कळ आहेत. तिथे भाडे आणि दुकानाचे उत्पन्न मिळून मर्यादा ओलांडली तर दाखला मिळत नाही, आणि खोटे दाखवून घेतला तर नोकरी लागल्यावरही जाते. उत्पन्नाचा दाखला देताना मंडळ अधिकाऱ्यांनी आणि मागताना पालकांनी हा भेद स्वच्छ ठेवावा. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राला मुदत असते. अर्जाच्या शेवटच्या तारखेला ते जिवंत पाहिजे.

चौथी बाब छोटी आहे. एम.एस्सी. च्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, सेट-नेटचे प्रमाणपत्र, पीएच.डी. झाली असल्यास ती नियमानुसार झाल्याचे विद्यापीठाचे पत्र, छापलेल्या निबंधांच्या प्रती आणि तासिकेवर शिकवले असेल तर दर वर्षाचे नेमणूक पत्र व अनुभवाचा दाखला. तासिकेचा अनुभव दाखला बहुतेक मुले वर्ष संपल्यावर मागतच नाहीत. पाच वर्षांनी मागायला गेले तर प्राचार्य बदललेले असतात आणि कार्यालयातला कारकून विचारतो, तुम्ही कोण? म्हणून दर एप्रिलमध्ये, शेवटचा तास झाला त्याच आठवड्यात, कार्यालयात अर्ज टाकून सही-शिक्क्याचा दाखला घ्यावा आणि त्यात आठवड्याचे तास किती, विषय कोणता आणि तारीख कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत, हे तीनही लिहिले आहे की नाही ते तिथेच उभे राहून वाचून पाहावे.